हँडहेल्ड लेझर वेल्डिंग मशीन घेताय? गाळ्यात आणण्याआधी करायची कामं

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा पट्ट्यांतल्या लहान फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत हातात धरायचं लेझर वेल्डिंग मशीन आता सर्रास दिसतं. एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) पातळ काम टिग (आर्गॉन) वेल्डिंगपेक्षा कितीतरी झटपट उरकतं, जॉब (वेल्ड करायचा तुकडा) वाकत नाही, नंतरचं बफिंग वाचतं. विकणारा डेमोला येतो, तुमच्याच हेल्परच्या हातात गन देतो, झकास बीड (वेल्डची रेघ) काढून दाखवतो आणि जाताना एक हिरवा चष्मा फुकट देऊन जातो. सुरक्षिततेचा विषय बहुतेक ठिकाणी त्या चष्म्यापाशीच संपतो.

मी अशी मशीनं बसवली आहेत, चालवली आहेत आणि मोठ्या ग्राहकांच्या ऑडिटला उत्तरंही दिली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. लेझर कटिंगचं बंद मशीन घेतलं की किरण अडवणारी पेटी बनवणाऱ्यानेच बसवलेली असते. हातातल्या गनला पेटी नसते, ती तुम्ही बांधायची असते. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या एका फरकातून निघतं.

१. आधी मशीनचा वर्ग वाचा

लेझर उपकरणांचे वर्ग आयईसी ६०८२५-१ या मानकात ठरतात. भारतीय मानक ब्युरोनेही (बीआयएस) तेच मानक स्वीकारलं आहे. वर्ग १ म्हणजे नेहमीच्या वापरात धोका नाही. वर्ग २ म्हणजे १ मिलिवॉटपर्यंतचा दिसणारा किरण, जिथे पापणी मिटण्याची सवय वाचवते. मग ३आर, ३बी, आणि शेवटी वर्ग ४, जो सलग किरणासाठी ५०० मिलिवॉटच्या वर सुरू होतो.

तुमची गन १५०० किंवा २००० वॉटची आहे, म्हणजे वर्ग ४ च्या उंबरठ्याच्या कित्येक हजार पट. वर्ग ४ मध्ये थेट किरणाने डोळा जातोच. खडबडीत पत्र्यावरून विखुरलेला किरणही इजा करू शकतो, कातडी भाजते, आग लागते.

इथे दोन गैरसमज नेहमी भेटतात. पहिला बंद कटिंग मशीनबद्दल. त्याच्यावर ‘वर्ग १’ लिहिलेलं असतं ते दार बंद असताना. आतला सोर्स (किरण तयार करणारा भाग) वर्ग ४ च आहे, आणि सर्व्हिस इंजिनिअरने इंटरलॉक (दार उघडताच किरण बंद करणारी जोडणी) बायपास करून दार उघडलं की त्या घटकेला तुमच्यासमोर वर्ग ४ चं मशीन उभं असतं. दुसरा गैरसमज टेबलावरच्या उघड्या मार्किंग मशीनचा. ‘वीस वॉट तर आहे’ म्हणून ते दुकानाच्या काउंटरवर ठेवतात. वीस वॉटही वर्ग ४ च. शिवाय तो किरण स्पंदांत (पल्समध्ये) येतो, त्यामुळे क्षणिक शक्ती हजारो वॉटवर जाते.

फायबर लेझरचा किरण साधारण १०६४ ते १०८० नॅनोमीटरचा असतो. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. पण डोळ्याचं भिंग त्याला दिसणाऱ्या प्रकाशासारखंच डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (नेत्रपटलावर) एकवटतं. पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा झाल्याचं कळतं ते नजरेत डाग दिसायला लागल्यावर. गनमधून दिसणारा लाल ठिपका फक्त नेम धरायचा पायलट आहे. ‘लाल दिसत नाही म्हणजे बंद आहे’ असं म्हणणारा वेल्डर सापडला तर त्याला त्या दिवशी गन देऊ नका.

२. किरण कुठवर पोचतो ते कागदावर काढा

हे गणित दहावीच्या पलीकडचं नाही, आणि मालकाला पटवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

१०७० नॅनोमीटरच्या आसपास, दहा सेकंदांहून जास्त वेळासाठी, डोळ्याला चालणारी मर्यादा दर चौरस मीटरला ५० वॉट धरतात. १५०० वॉट इतके पातळ व्हायचे तर ते ३० चौरस मीटरवर पसरले पाहिजेत. म्हणजे सुमारे ६.२ मीटर व्यासाचं वर्तुळ. नोझलमधून निघालेला किरण समजा दर मीटरला ५ सेंटिमीटर रुंदावतो. मग ६.२ मीटर रुंद व्हायला त्याला जवळपास १२५ मीटर जावं लागेल.

तुमचा गाळा किती लांब आहे? शटर उघडं असेल तर समोरचा गाळा, रस्ता, चहाची टपरी, सगळं त्या १२५ मीटरमध्ये येतं. पसरण्याचा आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा असतो, तो विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि हेच गणित पुन्हा करा. दुप्पट पसरला तरी साठ मीटरच्या वर जातो.

३. पीओ (खरेदीची ऑर्डर) काढण्याआधी हे कागद मागा

आगाऊ रक्कम दिल्यावर कागद मिळणं अवघड होतं, म्हणून आधीच.

- मशीनवरच्या वर्ग-लेबलचा स्पष्ट फोटो: तरंगलांबी, कमाल शक्ती, मानकाचं नाव आणि साल वाचता आलं पाहिजे
- किरणाचा पसरण्याचा कोन आणि धोक्याचं अंतर लिहिलेलं मॅन्युअल
- अनुरूपतेची घोषणा (मशीन कोणत्या मानकांना उतरतं ते सांगणारा कागद), बनवणाऱ्याच्या सही-शिक्क्यासह
- इंटरलॉकच्या टर्मिनलचा वायरिंग डायग्राम
- सोबत येणाऱ्या चष्म्याचा टेस्ट रिपोर्ट
- आयात मशीन असेल तर बिल ऑफ एंट्री, आणि त्या तारखेला बीआयएसची कुठली अट लागते याबद्दल कस्टम एजंटचं लेखी उत्तर

‘सीई आहे साहेब’ (सीई म्हणजे युरोपचा अनुरूपतेचा शिक्का) एवढ्यावर थांबू नका. कागद उघडा आणि कोणती मानकं लिहिली आहेत ते पाहा. पुष्कळदा तिथे फक्त विद्युतचुंबकीय व्यत्ययाचं प्रमाणपत्र असतं, त्याचा किरणाशी काही संबंध नसतो. ६०८२५-१ आणि हातातल्या लेझर उपकरणांसाठीचं आयएसओ ११५५३-२ ही नावं नसतील तर त्या कागदाला किरणाच्या बाबतीत किंमत शून्य.

वर्ग ४ च्या मशीनला किल्लीचा स्विच, किरण चालू असल्याची खूण, बाहेरून इंटरलॉक जोडायची सोय आणि खंड पडल्यावर हाताने रीसेट ही लागतातच. डेमोच्या वेळी मागचं पॅनेल उघडायला लावा. इंटरलॉकच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा एक तुकडा लावलेला दिसला, तर ती जोडणी कारखान्यातूनच शॉर्ट होऊन आली आहे. स्वस्त मशीनमध्ये हे नेहमीचं आहे. तो तुकडा काढून तिथे तुमच्या दाराचा स्विच यायचा आहे.

४. बूथ बांधा

बूथ म्हणजे सुरुवातीला म्हटलेली, किरण अडवणारी पेटी. खर्चाचा आणि डोकेदुखीचा मोठा भाग इथे आहे.

भिंतींना सगळ्यांत सोपा आणि टिकाऊ माल म्हणजे एमएस (माइल्ड स्टील) पत्रा, आतून मॅट रंग दिलेला. चकचकीत एसएस किंवा ॲल्युमिनियमच्या शीट आत लावू नका, त्या आरशाचं काम करतात. जॉबची जागा भिंतीपासून लांब ठेवा. फोकसपाशी किरण पत्रा कापतो, लांबवर पसरलेला असताना तोच पत्रा त्याला अडवतो.

पडदा लावायचा असेल तर लेबल नीट वाचा. ईएन १२२५४ हे पडद्यांचं युरोपीय मानक सरासरी १०० वॉटपर्यंतच्या लेझरसाठी आहे. त्याच्या वर ईएन ६०८२५-४ पाहायचं. त्यात पडदा किती तीव्रता किती वेळ झेलतो ते तीन पायऱ्यांत देतात: ३०,००० सेकंद, १०० सेकंद आणि १० सेकंद. माणूस सतत पाहत काम करतो तिथे १० सेकंदांची पायरी चालते, कारण काही बिघडलं तर तो ट्रिगर सोडतो. रोबोटला बिनमाणसाचं चालवायचं असेल तर ती पुरत नाही. टिग-मिगच्या वेल्डिंगचे लाल-नारिंगी पारदर्शक पडदे या किरणासाठी बनलेलेच नाहीत. जुन्या सीओटू मशीनच्या झाकणाचं ॲक्रिलिकही असंच. ते १०.६ मायक्रॉनचा किरण अडवतं, १ मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या गनचा, मात्र काचेतून ऊन यावं तसा आरपार सोडतं.

छताकडे कोणी बघत नाही. आपल्याकडच्या गाळ्यांत बहुधा पोटमाळ्यावर ऑफिस असतं, तिथे अकाउंट्सची माणसं बसतात. मोठ्या शेडमध्ये वर ईओटी क्रेन फिरते. पाइपचा गोल जॉब वेल्ड करताना परावर्तित किरण वरच जातो. वरून कोणाची नजर पोचत असेल तर बूथला छत हवंच.

दाराला इंटरलॉक हवा, आणि साधा लिमिट स्विच लावू नका. त्याला चिकटपट्टी किंवा केबल टाय गुंडाळायला हेल्परला दोन मिनिटं लागतात. कोडेड मॅग्नेटिक स्विच, दोन चॅनेल, सेफ्टी रिले अशी रचना पॅनेलवाल्याकडून करून घ्या. दार उघडलं की किरण बंद. दार पुन्हा लावलं तरी आपोआप चालू होता कामा नये, रीसेटचं बटण कोणीतरी दाबलं पाहिजे, आणि ते बटण असं बसवा की दाबणाऱ्याला बूथच्या आतलं दिसेल.

दाराबाहेर लाल दिवा आणि पिवळा त्रिकोण. पाटीवर मराठीसोबत हिंदीही लिहा, कारण गन चालवणारा पोरगा बहुतेक वेळा बिहार, ओडिशा किंवा उत्तर प्रदेशातला असतो. मजकूर साधा ठेवा: ‘अदृश्य लेझर किरण. वर्ग ४. थेट किंवा परावर्तित किरण डोळ्यांवर, अंगावर घेऊ नका. चष्म्याशिवाय आत येऊ नका.’

५. चष्मा: रंग बघू नका, छापलेला आकडा बघा

वेल्डिंगची काळी काच चालत नाही. ती आर्कच्या उजेडासाठी आहे, एवढ्या एकवटलेल्या किरणासाठी नाही. दुसऱ्या लेझरचा चष्माही चालत नाही. चष्मा तरंगलांबीला बांधलेला असतो.

किती दाट हवा? सगळेच्या सगळे १५०० वॉट डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीत गेले असं धरा. तीव्रता होते दर चौरस मीटरला सुमारे ३.९ कोटी वॉट. मर्यादा ५०. म्हणजे किरण किमान ७.८ लाख पटींनी कमी झाला पाहिजे. चष्म्यावर हे ओडीच्या आकड्यात लिहितात: ओडी ६ म्हणजे दहा लाख पट, ओडी ४ म्हणजे फक्त दहा हजार पट. फुकट मिळालेल्या चष्म्यावर ‘ओडी ४+’ छापलेलं असेल तर तो सरळ बाजूला ठेवा.

ओडी फक्त किती किरण गाळला जातो ते सांगतो. तोच किरण काचेवर थेट पडला तर काच काही सेकंद तग धरेल का, हे ईएन २०७ सांगतं. त्याचा शिक्का काचेवर किंवा फ्रेमवर रोमन अक्षरांत असतो: आधी तरंगलांबीचा पट्टा, मग एक अक्षर, मग एलबी आणि आकडा (काचेची तग धरण्याची पातळी). डी म्हणजे सलग किरण, आय आणि आर म्हणजे स्पंद, एम म्हणजे अतिलघु स्पंद. वरच्या हिशोबाला डी एलबी७ लागतो. हा सगळ्यांत वाईट प्रसंगाचा हिशोब आहे, प्रत्यक्षात हातभर अंतरावर किरण पसरलेला असतो आणि आकडा खाली येऊ शकतो. पण तो खाली आणायचा तर विक्रेत्याने लेखी हिशोब द्यावा, ‘सगळे हाच वापरतात’ हे उत्तर नाही. मार्किंग मशीनच्या नॅनोसेकंद स्पंदांना आर शिक्का लागतो, डी वाला चष्मा तिथे उपयोगाचा नाही.

लेझरचं हेल्मेट घेतलं तरी आत चष्मा घालायला लावा. बीड बघायला माणूस हेल्मेट वर करतोच. आणि चष्मे बूथमध्ये जितकी माणसं तितके घ्या. जॉब धरणाऱ्या हेल्परचे डोळेही वेल्डरइतकेच नोझलच्या जवळ असतात.

६. गनची क्लिप

बहुतेक गनना एक अर्थसारखी क्लिप असते. ती जॉबला लावायची. नोझल जॉबला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि तेव्हाच किरण सुटतो. कल्पना चांगली आहे, पण ती क्लिप कायमची लोखंडी टेबलाला लावून ठेवतात. मग टेबलाला टेकलेल्या कुठल्याही धातूवर गन पेटते. त्याहून वाईट म्हणजे क्लिप थेट नोझललाच अडकवणारे महाभाग. तसं केलं की गन हवेतही पेटते.

रोज सकाळी पहिलं काम: चष्मा घालून, बूथचं दार लावून, गन भिंतीकडे धरून हवेत ट्रिगर दाबा. पेटायला नको. मग क्लिप जॉबला लावून नोझल टेकवा, पेटायला हवी. मग दार उघडा, बंद पडायला हवी. वहीत सही. हे सगळं चहा यायच्या आत होतं.

७. धूर, गॅस, आग

बूथ बंद केला की हे प्रश्न वाढतात, म्हणून बूथच्या ड्रॉइंगमध्येच त्यांची सोय दाखवा.

जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यावर जस्ताचा धूर निघतो. दिवसभर तो ओढला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि मालक म्हणतो व्हायरल असेल. एसएसच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असतो, तो कर्करोगकारक आहे. छताचा एक्झॉस्ट पंखा पुरत नाही, कारण धूर नाकावरूनच वर जातो. नोझलपासून वीतभर अंतरावर ओढणारी नळी आणि फिल्टरचा एक्स्ट्रॅक्टर लावा. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांची धूळ एकाच फिल्टरमध्ये गोळा करू नका, त्यांचं मिश्रण पेटलं तर विझत नाही. ॲल्युमिनियमच्या धुळीवर पाणी मारायचं नाही, त्यासाठी डी वर्गाची पावडर ठेवा.

आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, बंद बूथमध्ये तळाशी साचतो. नायट्रोजनही ऑक्सिजनला हटवतो. दोघांनाही वास नाही. ऑक्सिजन मीटर भिंतीवर लावा आणि १९.५ टक्क्यांच्या खाली अलार्म ठेवा. सिलेंडर आणि ड्युरा (द्रव गॅसचं भांडं) बूथच्या बाहेरच. १,००० लिटरहून मोठी द्रव गॅसची टाकी बसवायची असेल तर पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा) परवाना लागतो.

कपडे सुती किंवा चामड्याचे. टेरिकॉट अंगाला चिकटून जळतं.

पावसाळ्याबद्दल जाता जाता: २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २५ च्या आसपास असतो. चिलर (सोर्स थंड ठेवणारं यंत्र) २२ वर ठेवलात तर सोर्सच्या आत थेंब जमतील. जूनपासून सेटिंग बदला.

८. सरकारी बाजू

लेझर वेल्डिंगसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो असं सांगून पैसे मागणारे सल्लागार फिरतात. ते मंडळ आयनीकारक किरणांचं काम बघतं: एक्स-रे, रेडिओग्राफीचे सोर्स. लेझर त्यात येत नाही. त्या सल्लागारांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

याचा अर्थ कायदा लागू नाही असा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाबद्दल होतं आणि त्यात अतिप्रखर प्रकाशही येत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० आली. ती साधारणपणे १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि विजेवर चालणारा कारखाना २० कामगारांपासून धरला जातो. ठेकेदाराची माणसं मोजणीत येतात, हे बरेच जण सोयीने विसरतात. राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे ‘डिश’, बघतं. नियमांचे नमुने बदलण्याचा काळ आहे, तेव्हा नेटवर सापडलेला जुना फॉर्म भरू नका, कार्यालयात चालू नमुना विचारून घ्या.

बूथ आणि नवं मशीन यांमुळे मंजूर नकाशात बदल होतो, तो दाखवा. एमआयडीसीत असाल तर अग्निशमनची एनओसी, वीज भार वाढत असेल तर महावितरणकडे अर्ज, धुराची चिमणी बाहेर काढत असाल तर प्रदूषण मंडळाकडे विचारणा. अर्थिंगचा टेस्ट रिपोर्ट फाइलला लावा.

कामगार दहाच्या आत असले तरी अपघातानंतर भरपाईची जबाबदारी टळत नाही. आणि वाहन कंपन्यांचा ऑडिटर कामगारांची संख्या विचारत नाही, थेट बूथचं दार उघडून बघतो. जर्मनीत, इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हे सोपं वाटेल: तिथे कृत्रिम प्रकाशकिरणांपासून संरक्षणाचे वेगळे नियम आहेत आणि जर्मनीत वर्ग ३आर पासून पुढे लेझर सुरक्षा अधिकारी लेखी नेमावाच लागतो.

९. एक माणूस नेमा

आपल्याकडेही ऑडिटर पहिली मागणी लेझर सुरक्षा अधिकाऱ्याचीच करतो. नेमणूकपत्रावर नाव, आणि त्याला मशीन थांबवायचा अधिकार, उत्पादनाचा दाब असला तरीही. मालकाचा भाचा नेमू नका, रोज शॉपवर असणारा सुपरवायझर नेमा. किल्ली त्याच्याकडे. रात्रपाळीला किल्ली मशीनमध्येच लावून ठेवायची पद्धत पहिल्या दिवशीच मोडून काढा.

फाइलमध्ये हे असू द्या: नेमणूकपत्र, कार्यपद्धती मराठी-हिंदीत, प्रशिक्षणाची सह्यांसह नोंद, सकाळच्या तपासणीची वही, चष्म्यांची यादी आणि त्यांचे ओरखडे तपासल्याच्या तारखा, सर्व्हिस इंजिनिअरने इंटरलॉक कधी काढला व कधी परत जोडला याची नोंद. आणि गन चालवणाऱ्या प्रत्येकाचा काम सुरू करण्याआधीचा डोळ्यांचा तपास, पडद्याच्या फोटोसह. तो नसेल तर पुढे कोणी ‘डाग दिसतोय’ म्हणालं की जुनं काय आणि नवं काय हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

१०. डोळ्यावर किरण गेल्याची शंका आली तर

मशीन बंद करा, किल्ली काढा, आणि सेटिंगला हात लावू नका. डोळा चोळू देऊ नका, थेंब टाकू नका. त्याच दिवशी, उशिरात उशिरा २४ तासांत, नेत्रपटलाच्या डॉक्टरकडे न्या. साधा चष्म्याचा नंबर काढणारा चालणार नाही. सोबत एका कागदावर लिहून द्या: तरंगलांबी, त्या वेळची शक्ती, सलग किरण की स्पंद, नोझलपासूनचं अंतर, थेट की परावर्तित, चष्मा होता का आणि त्यावरचा शिक्का काय. हा कागद आधीच अर्धा भरून बूथच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, म्हणजे त्या गोंधळात फक्त शेवटच्या चार ओळी भराव्या लागतील. कामगाराला दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गन देऊ नका, आणि इंटरलॉक व क्लिप नेमलेल्या माणसाने पुन्हा तपासून सही करेपर्यंत मशीनही सुरू करू नका.